टिलर उड्या का मारतो, आणि मागची दांडी कशी लावायची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. देवगडजवळ घरामागे १० गुंठे भरड, म्हणजे पाणी न साचणारी उंचावरची जागा, जांभी माती, थोडा उतार, कडेला आंब्याची सहा कलमं आणि चार माड. भुईमूग आणि घरापुरती भाजी करायची म्हणून तुम्ही ७ एचपीचा पेट्रोल टिलर, म्हणजे हँडल धरून मागून चालवायचं माती खणणारं मशीन घेतलात, चाकं काढून त्याच शाफ्टवर पाती चढवायची त्या प्रकारचा. पहिल्याच दिवशी तो जमिनीवर उड्या मारायला लागला. तुम्हाला ओढत पुढे पळतो, दोन इंच मातीसुद्धा सुटत नाही आणि दोन ओळी झाल्या की हात भरून येतात. विकणाऱ्याने ‘जोर लावून दाबा’ एवढंच सांगितलं. आता तुम्ही विचारताय की मशीनची ताकद कमी पडते का, ९ एचपीचं डिझेल मशीन घ्यावं का, आणि तुम्ही मुंबईत असताना तुमच्या पत्नीला हा टिलर एकटीने चालवता येईल का.

मी कुडाळ तालुक्यात १६ वर्षं भाड्याने टिलर चालवतोय, पावसाळ्यात गिऱ्हाइकांची मशीनं दुरुस्तही करतो. ‘मशीन उडतं’ म्हणून माझ्याकडे जी मशीनं येतात त्यातल्या बहुतेकांचं इंजिन ठणठणीत असतं. म्हणून आधी विनंती ही की खाली लिहिलंय ते सगळं करून बघेपर्यंत नव्या मशीनसाठी पैसे काढू नका.

तुमच्या टिलरला काम करताना चाकं नसतात. जी पाती माती खणतात तीच मशीनला पुढे नेतात. पाती मातीत घुसली तर इंजिनचा जोर खणण्यात जातो आणि मशीन बैलाच्या चालीने सरकतं. पाती घुसलीच नाहीत तर ती वरच्या वर चाकांसारखी फिरतात आणि तेवढ्याच जोराने मशीन पळतं. तुमच्याकडे हेच चाललंय. ९ एचपीचं मशीन आणलंत तर ते जास्त जोराने पळेल आणि तुम्हाला जास्त जोराने ओढेल. पाती मातीत का घुसत नाहीत, हे शोधायचं आहे. मी जागेवर नाही, त्यामुळे नेमकं एक कारण सांगता येणार नाही. पण तीनच गोष्टी बघायच्या आहेत : पाती कशी बसवलीत, मागची दांडी कुठल्या भोकात आहे आणि माती कशी होती. याच क्रमाने बघा. पहिल्या दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत, तिसरीला पाणी लागतं.

आधी पाती. टिलरच्या पात्याला एका अंगाला धार असते, दुसरं अंग बोथट. डाव्या बाजूची पाती वेगळी, उजव्या बाजूची वेगळी. खोक्यातून ती सुटी येतात आणि घरी बसवताना डावा संच उजवीकडे जातो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की गिऱ्हाईक फोनवर बोलत असतानाच मी पहिल्यांदा तेच विचारतो. उलट बसलेल्या पात्याची धारेऐवजी पाठ जमिनीवर आदळते आणि प्रत्येक फेऱ्याला मशीन वर उचललं जातं. ओळखायचं असं : इंजिन बंद करा, पेट्रोलचा कॉक बंद करा, स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. मग मशीन मागे, हँडलवर टेकवा म्हणजे पाती हवेत येतील. कुशीवर पाडू नका. एअर क्लीनरची बाजू खाली गेली तर इंजिनचं ऑइल तिकडे उतरतं, पुढच्या वेळी मशीन धूर ओकतं आणि तुम्हाला वाटतं इंजिन गेलं. आता मागे उभं राहून डोळ्यांसमोर आणा की मशीन पुढे चाललंय. पाती सायकलच्या चाकासारखी वरून पुढे जातात आणि पुढून खाली येतात. खाली येताना मातीला जे अंग आधी भिडेल तिथे धार पाहिजे. नसेल तर दोन्ही बाजूंच्या पिना काढा आणि संचांची अदलाबदल करा, पंधरा मिनिटांचं काम आहे. पाती बरोबर असली तरी नटबोल्ट घट्ट आहेत ना बघा. नव्या मशीनचे बोल्ट पहिल्या तासाभरात सैल होतातच, ते पुन्हा आवळावे लागतात. आपल्या भागात मातीत जांभ्याची बारीक खडी असते, ती पाती कानशीसारखी झिजवते. एक नवं पातं घरात ठेवा आणि अधूनमधून जुन्याला लावून बघा. बोटाच्या पेराएवढं आखूड झालं की पूर्ण संच बदला. एखादंच बदललंत तर मशीन एका अंगाला ओढतं.

आता मागची दांडी. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हिच्याबद्दल, कारण मशीनसोबत ही फुकट येते आणि तिच्याबद्दल कोणी काही सांगत नाही. हँडलच्या खाली, पात्यांच्या मागे एक उभी लोखंडी पट्टी असते, तिला चार-पाच भोकं असतात आणि एक पिन. काही मशीनना तिच्या टोकाशी नांगरासारखा छोटा फाळ असतो. पुष्कळांना वाटतं की मशीन उभं करायला दिलेला हा टेकू आहे, म्हणून ते ती वरच्या वर ओढून ठेवतात. खरं तर टिलरचा ब्रेक तोच आहे. दांडी मातीत रुतलेली असली की ती मशीनला मागे धरून ठेवते. पुढे पळता येत नाही म्हणून पाती जागेवर फिरतात, आणि जागेवर फिरणारं पातं खालीच जातं. दांडी जितकी खाली, तितकी चाल मंद आणि खणणी खोल. दांडी वर घेतली की चाल जलद आणि काम उथळ.

सुरुवातीला दांडी मधल्या भोकात लावा. पहिला गिअर, रेस अर्ध्याच्या आसपास. जमीन कठीण म्हणून रेस वाढवायचा मोह होतो, पण कठीण मातीत जोरात फिरणारं पातं घुसायच्या आधीच उसळतं. हळू फिरणारं पातं चावा घेतं. मशीन सोडा आणि पाच-सहा पावलं चालून बघा. पळत असेल तर थांबवा, इंजिन बंद करा आणि दांडी एक भोक खाली घ्या. एका जागी खड्डा करून बसत असेल तर एक भोक वर. एका वेळी एकच भोक बदला, रेस आणि दांडी दोन्ही एकदम बदललंत तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

विकणाऱ्याचं ‘दाबा’ अगदी चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं. दांडी वर असताना हँडल दाबलंत तर फक्त तुमचे दंड दुखतात. दांडी मातीत असताना दाबलंत तर ती अजून रुतते, मशीन अडतं आणि पाती खणतात. दोन-तीन सेकंद दाबून ठेवायचं, पाती हव्या त्या खोलीला गेली की हँडल बोटभर उचलायचं. दांडी मोकळी होते आणि मशीन पाऊलभर पुढे जातं. पुन्हा दाब, पुन्हा उचल. लय बसली की अंगाला फारसं लागत नाही. मशीन खड्डा करून अडकलं तर पुढे ढकलू नका, हँडल डावीकडे-उजवीकडे झुलवा, ते आपणहून चढून येतं. आणि हात कोपरापासून ताठ ठेवू नका, नाहीतर प्रत्येक हिसका थेट खांद्यात जातो. मागच्या वर्षी वेंगुर्ल्याकडच्या एका वाडीत सत्तरीतले एक गृहस्थ टिलर विकायला निघाले होते. मी गेलो तेव्हा दांडी सगळ्यात वरच्या भोकात होती आणि पिन गंजून धरली होती. हातोडीने ती सोडवली, दोन भोकं खाली घेतली, बाकी कशाला हात लावला नाही. त्यांनी माझ्यादेखत एक ओळ काढली आणि परत फिरताना एका हाताने हँडल धरून आले. मशीन अजून त्यांच्याकडेच आहे.

पाती आणि दांडी बरोबर असूनही टिलर उडत असेल, तर माती तयार नाही. देवगडच्या सड्याजवळची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराजवळची भरड आणि तीही नोव्हेंबर उलटल्यावर, म्हणजे मला याचीच शंका जास्त आहे. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना कुदळीने सहज कापला जातो आणि ऊन-वारा लागला की घट्ट होतो. लॅटराइट हे त्याचं नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात मलबारातला हा दगड बघून दिलं, लॅटिनमधल्या ‘वीट’ या शब्दावरून. त्याच दगडाची ही माती. पावसात लोण्यासारखी वाटते आणि पाऊस गेल्यावर महिन्याभरात विटेसारखी होते. त्या विटेवर टिलर चालणार नाही, कितीही एचपीचा आणा.

माती कधी तयार आहे हे ओळखायला माझे वडील एकच गोष्ट करायचे. जोत जुंपायच्या आधी शेतात जाऊन टाचेने वरची माती बाजूला करायचे, चार बोटं खालची मूठभर माती घ्यायचे, दाबून लाडू वळायचे आणि कमरेच्या उंचीवरून सोडून द्यायचे. लाडू वळलाच नाही तर माती सुकी. पडल्यावर नुसता चपटा झाला तर ओली. पडून चार-सहा तुकडे झाले की म्हणायचे, ‘वाफसा इलो, चल.’ वाफसा म्हणजे मशागतीजोगी ओल. बैल गेले, टिलर आला, पण मी आजही गिऱ्हाइकाच्या शेतात मशीन उतरवायच्या आधी हेच करतो. लाडू फुटला नाही तर मशीन गाडीतच ठेवतो. भाडं बुडतं, पण ओल्या मातीत टिलर घातला की तिची ढेकळं होतात आणि ती सुकली की पुढचे दोन महिने कशालाही दाद देत नाहीत. शेजाऱ्याने मळ्यात, म्हणजे सखल भातजमिनीत, पाणी भरून टिलरने चिखल केला म्हणून तुम्ही भरडीत ते करू नका. भाताला चिखलणी लागते, कारण खाली पाणी धरणारा थर हवा असतो. भुईमुगाला तोच थर नको असतो.

तुमच्याकडे आता पाणी देऊनच वाफसा आणावा लागेल. हिशोब करून बघा. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. त्यावर इंचभर पाणी द्यायचं तर अडीच हजार लिटर लागतात, म्हणजे १० गुंठ्यांना २५ हजार. विहिरीला एवढं पाणी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर दोन-दोन गुंठे धरा. संध्याकाळी स्प्रिंकलरने किंवा पाइपने सावकाश द्या, उतारावर एकदम सोडलंत तर वाहून जाईल. मग थांबायचं. भरडीला मी दोन दिवस धरतो, समुद्राकडच्या पुळणीत, म्हणजे रेताड मातीत, दुसऱ्याच दिवशी काम होतं, मळ्याच्या चिकट मातीत चार-पाच दिवसही जातात. वारा, ऊन आणि पाणी किती दिलं यावर हे बदलतं, त्यामुळे दिवस मोजण्यापेक्षा मूठ करून बघणं खरं. पुढच्या वर्षी मात्र हा खर्च टाळता येईल. ऑक्टोबरात पाऊस सरत आला की भरडीत फुकटचा वाफसा असतो. तेव्हा पहिली मशागत करून ठेवा. वर मोकळ्या मातीचा थर राहिला की खालची ओल लवकर उडत नाही आणि डिसेंबरात पेरणीआधी हलका एक हात पुरतो.

पहिल्या फेरीला अजून एक युक्ती. दोन्ही बाजूंचे शेवटचे पात्यांचे संच काढून ठेवा. रुंदी तीन फुटांवरून दोन फुटांवर येईल, पण मशीनचं तेवढंच वजन कमी पात्यांवर येतं आणि ती चांगली घुसतात. पहिल्या फेरीत दोन-तीन इंचच माती सोडवायची, एकदम खोल जायचा हट्ट नको. दुसरी फेरी दांडी एक भोक खाली घेऊन. तुमची जागा उताराची आहे, तेव्हा फेऱ्या उताराला आडव्याच घाला, वरून खाली नको. ओळीला लागून ओळ काढायला गेलात तर दर वेळी जागच्या जागी वळावं लागतं आणि खरा थकवा त्यातच येतो. एक पट्टा सोडून पुढचा घ्या आणि सोडलेला पट्टा परत येताना घ्या, वळण मोठं मिळतं. दोन फुटी रुंदीने १० गुंठ्यांची एक फेरी मला वळणं धरून दोनेक तासांत होते. तुम्ही पहिल्या वर्षी दोन दिवस धरा. शेणखत शेवटच्या फेरीच्या आधी पसरा म्हणजे मिसळून जातं.

खोली किती, हेही तुम्ही विचारलं असतंत तर बरं झालं असतं. पाच-सहा इंच भुसभुशीत माती मिळाली की कोकण गौरव किंवा कोकण टपोरा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कुठलीही जात घ्या, आऱ्या, म्हणजे फुलातून मातीत शिरून शेंग धरणारे देठ, सहज उतरतात. नवीन मशीन आलं की माणूस हौसेने चार-चार फेऱ्या घालून मातीचं पीठ करतो. तसं करू नका. पीठ झालेली माती पहिल्या पाण्याबरोबर बसते, वर पापडी धरते आणि कोंब अडतात. हरभऱ्याएवढे, सुपारीएवढे खडे राहिले तर उत्तम. आणि उतारावरची भरड मे महिन्यात उकरून मोकळी टाकू नका. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि भरडीत मुळात मातीच हातभर असते. मी स्वतः एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाने मेअखेर असं रान मोकळं करून दिलं होतं. जूनच्या मध्यावर गेलो तेव्हा वरचा थर खालच्या पाटात होता. तेव्हापासून उतारावर दर दहा-बारा फुटांनी मी गवताची एक पट्टी हात न लावता ठेवतो आणि गिऱ्हाइकालाही ठेवायला लावतो.

इथपर्यंतचा क्रम पुन्हा सांगतो, कारण तुम्ही हे शेतात मोबाइलवर उघडून बघाल : पात्यांची धार पुढच्या अंगाला, दांडी मधल्या भोकात, मातीचा लाडू पडून फुटतोय, बाजूचे संच काढलेले, पहिला गिअर, अर्धी रेस.

कलमांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला तिथे जास्त काळजी वाटते. माडाची काम करणारी मुळं बुंध्यापासून सहा-सात फुटांच्या आतच दाट असतात. तेवढ्या गोलात टिलर नेऊ नका, आळं कुदळीनेच करा. आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरात पसरलेली असतात आणि झाडाच्या सावलीच्या कडेपर्यंत, त्याच्याही बाहेर जातात. कलमाखाली गवत झालं असेल तर ते कापून तिथेच पसरा. मोहोर यायच्या दिवसांत तर सावलीत मशीन नकोच. मूळ तुटल्याचं त्या दिवशी दिसत नाही, ते दोन हंगामांनी झाडाच्या शेंड्यावर दिसतं.

गवत उंच असेल तर टिलर घालायच्या आधी ते कापून गोळा करा. फिरत्या शाफ्टला गवताचे वेढे पडतात आणि ते वेढे आत सरकत गिअरबॉक्सच्या ऑइल सीलपर्यंत जातात. गवतापेक्षा वाईट असते नायलॉनची दोरी आणि ठिबकची जुनी नळी. माझ्याकडे आलेल्या एका मशीनच्या शाफ्टवरून मी सुरीने दोरीचे वेढे काढत होतो. वरचे गवताचे, त्याखाली हिरवी दोरी, आणि सगळ्यात आत वितळून काचेसारखी झालेली नायलॉनची कडी, सील कापून आत गेलेली. गिअरबॉक्समधलं ऑइल कधीचंच गळून गेलं होतं. मालकाला मात्र ‘आवाज थोडा वाढलाय’ इतकंच जाणवलं होतं. म्हणून दर अर्ध्या तासाने इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून शाफ्ट साफ करा. कापायच्या आधी गवतात काठीने आपटत एक फेरी मारा, देवगड-मालवण पट्ट्यात फुरसं हा विषारी साप सुक्या गवतात आणि चिऱ्यांच्या ढिगात असतो. त्याच फेरीत पहारीने टोचून पुरलेले दगड आणि पाइप शोधा आणि तिथे खुंट्या मारून ठेवा.

तणांपैकी हरळी आणि लव्हाळा यांना टिलरने संपवता येत नाही. टिलर हरळीचे दहा तुकडे करतो आणि दहाही रुजतात, लव्हाळ्याच्या गाठी रानभर पसरतो. ती जिथे दिसतील तिथे आधी दाताळ्याने मुळं आणि गाठी ओढून काढा, किंवा एप्रिलच्या कडक उन्हात माती उलटी करून त्या वर येऊ द्या आणि वेचा. याला दोन-तीन वर्षं चिकाटीने लागावं लागतं. दुसरा सोपा उपाय मला मिळालेला नाही.

आता सुरक्षेचं. चपला घालून टिलर चालवायचा नाही, गमबूट किंवा जाड बूट. मूल आणि कुत्रा शेताबाहेर. गरम सायलेन्सर असताना पेट्रोल ओतायचं नाही, मांगरात (शेतातल्या खोपीत) दार बंद करून इंजिन चालू करायचं नाही. हे सगळं पुस्तकात असतं. रिव्हर्सबद्दल मात्र मला स्वतःचं सांगू द्या. दुसऱ्याच वर्षी मी माडांच्या दोन ओळींत काम करत होतो. ओळ संपली, वळायला जागा कमी, म्हणून रिव्हर्स टाकला. पाठीमागे माड किती जवळ आहे ते बघितलं नाही. हँडल छातीवर आलं, पाठ माडाला लागली आणि पाती माझ्या पायांकडे यायला लागली. त्या मशीनचा क्लच दाबला की सुटणारा होता. म्हणजे घाबरून हात सोडला तर मशीन थांबत नव्हतं, चालूच राहायचं. अंगठ्याला स्विच सापडला म्हणून पाय राहिला, नडगीवर वण आहे. तेव्हा आधी मशीन मोकळ्या जागी चालवून बघा : हात सोडल्यावर तुमचं मशीन थांबतं की चालू राहतं? हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. मागे तीन पावलांत झाड, गडगा किंवा बांध असेल तर रिव्हर्स टाकायचाच नाही. क्लच सोडवा, रेस खाली घ्या, हँडल उचलून मशीन फिरवा.

देखभालीत फार शिरत नाही, पुस्तिकेत तासांचा तक्ता असतो तो पाळा. इंजिनचं ऑइल दर वेळी सुरू करण्याआधी सपाट जागेवर मशीन ठेवून बघायचं. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल बहुतेक मशीनना २० तासांच्या आसपास बदलावं लागतं, ते चुकवू नका, त्यात धातूचा कीस असतो. एअर क्लीनर आपल्या तांबड्या धुळीत रोज बघायचा. गिअरबॉक्सचं ऑइल दुधासारखं पांढरट झालं तर आत पाणी गेलंय, लगेच बदला. आपल्या किनाऱ्यावर मशीनं वापरून कमी आणि पावसाळ्यात पडून जास्त खराब होतात. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरमध्ये गंज धरतो. म्हणून जूनच्या आधी टाकी रिकामी करा, इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा, कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल काढा. प्लग काढून त्या भोकात चमचाभर ऑइल टाका, दोरी हळू दोनदा ओढा आणि प्लग परत लावून दोरी जड लागेल तिथे सोडून द्या. तिथे वाल्व बंद असतात, दमट हवा आत जात नाही. पात्यांना आणि दांडीच्या पिनेला जुनं ऑइल फासा. प्लॅस्टिकने गुंडाळू नका, आत घाम धरतो, गोणपाट टाका. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला, नाहीतर कुंभारमाशी मातीचं घर करते. आणि तो बोळा दिसेल असा लाल कापडाचा घाला, म्हणजे सुरू करताना काढायची आठवण राहील.

९ एचपी डिझेलचं उत्तर यातच आलं. तुमच्या १० गुंठ्यांना ७ एचपी भरपूर आहे. डिझेलचं मशीन वजनाने जड असतं, त्यामुळे ते कमी उडतं हे खरं. पण तेच वजन उतारावर, कलमांच्या मधून वळवायचं तुम्हाला आहे. दोन-तीन एकर मळा असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

आणि वहिनींबद्दल, म्हणजे तुमच्या पत्नीबद्दल. नक्की चालवता येईल. माझ्या गिऱ्हाइकांत अशा सात-आठ जणी आहेत आणि त्या मशीनशी झटत नाहीत म्हणून मशीनही त्यांच्याकडे जास्त टिकतं. दोनच गोष्टी तुम्ही जायच्या आधी करून ठेवा. हँडलच्या बुडाशी दातेरी चकती आणि नट असतो, तो सैल करून हँडल त्यांच्या कमरेच्या उंचीला आणा. तुमच्या उंचीला लावलेलं हँडल त्यांना छातीशी येईल आणि तिथून दाबता येत नाही. दुसरं, चाकं काढून पाती चढवणं हे एकट्याचं काम नाही, तेव्हा पाती चढवलेलं मशीन शेताच्या कडेलाच झाकून ठेवा. मग तुम्ही आधी एकदा फिरवलेल्या, सुटलेल्या दोन गुंठ्यांत त्यांना अर्धा तास चालवू द्या, पहिली दहा मिनिटं नुसती दाब-उचल आणि क्लच सोडून थांबणं. तुम्ही हँडलला हात लावू नका. बाजूला, त्यांना तुमची हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर उभे राहा.